कोलंबसाच्या आधीचा घट

माझ्या दिरांनी एका भांड्यावरून मला आठ महिने अडाणी ठरवलं, आणि मग एका सकाळी तेच भांडं माझ्या मांडीवर ठेवून चारचौघांसमोर म्हणाले, "वहिनी, हे खोटं आहे असं सांगा हो." मधल्या काळात काय झालं ते लिहिते. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी सेक्रेटरी मागे लागला होता की काकू, जुन्या इंदूरच्या आठवणी लिहा. जुन्या इंदूरची मला फारशी आठवण येत नाही. तेव्हा पाणी लांबून आणावं लागायचं, एवढं पुरे. त्यापेक्षा ही आठवण ताजी आहे.

आधी माझं सांगते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की हिला काय कळतं. माझी शाळा चौथीपर्यंत. वडील मिलमध्ये होते, घर परदेशीपुऱ्यात. चौथीनंतर धाकट्या भावंडांना सांभाळायला मला घरी बसवलं. मी त्यांना घेऊन मागच्या गल्लीतल्या कुंभारांकडे जाऊन बसायची, कारण तिथे चिखल होता आणि पोरं चिखलात गप्प बसतात. कुंभारीण माळवी बोलायची, मी मराठी, पण मडक्याबद्दल बोलायला दोन्ही पुरायच्या. तिने मला शिकवलं ते एवढंच, की मडकं आधी ऐकायचं, मग बघायचं. बोटाच्या पेराने वाजवलं की चांगलं भाजलेलं ठणकन बोलतं. चिरलेलं भद्द बोलतं, वरून कितीही सुंदर असलं तरी.

लग्न होऊन मल्हारगंजात आले. पुढे मिल बंद पडली, आमचे हे घरी बसून पेपर वाचायला लागले, तेव्हा मी घराच्या ओट्यावर मडकी मांडली. सांवेरकडून टेम्पोत माल यायचा. माठ, पणत्या, संक्रांतीची सुगडी, नवरात्राचे घट. चाळीस वर्षं विकली. गुडघे गेले तसं बंद केलं. आता त्या ओट्यावर मोबाईलची कव्हरं विकतात.

या धंद्यात मीही लबाडी केली आहे, लपवत नाही. मडक्याला बारीक चीर असली की तिच्यात साबण घासायचा आणि वरून गेरू फिरवायचा. गिऱ्हाईक घरी पोचेपर्यंत टिकतं. दुसऱ्या दिवशी बाई मटका कडेवर घेऊन परत यायची. "अम्माजी, ये तो टपक रिया है." मी बदलून द्यायची. सगळ्याच परत येत नसत. तेव्हा बिघडलेल्याचं चांगलं कसं दाखवायचं हे मला ठाऊक होतं. चांगल्या नव्या भांड्याला मुद्दाम जुनं करणारेही लोक असतात, हे मात्र मला म्हातारपणी कळलं.

दीर वरच्या मजल्यावर राहतात. हायस्कुलात इतिहास शिकवायचे, एम.ए. आहेत. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली, पण त्यांचा तास अजून संपलेला नाही. आधी आमचे हे गेले, मग जाऊ गेली, तेव्हापासून ते जेवायला खाली येतात, आणि मी वाढत असताना मला पानिपत शिकवतात. पोळी गरम आहे तोवर मी ऐकते. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो. तो मागच्या वर्षी उन्हाळ्यात आला आणि वडिलांसाठी एक खोका घेऊन आला.

खोक्यात भांडं होतं. काळं कुळकुळीत. मोठ्या नारळाच्या दुप्पट पोट, वर आखूड मान, आणि त्या मानेवर माणसाचं तोंड. लांब नाक, कानात वाटीएवढ्या बाळ्या, डोळे अर्धे मिटलेले.

मी म्हटलं, "हे तर मामंजी."

माझे सासरे दुपारी जेवून बसले की अगदी असेच दिसायचे. भाऊजींना राग आला. त्यांचे वडील ना.

"वहिनी, हे पेरू देशातलं आहे," ते म्हणाले. "कोलंबसाच्या आधीचं. हजार वर्षांपूर्वीचं."

इंदुरात आम्ही पेरूला जाम म्हणतो, त्यामुळे माझा त्यात काही घोटाळा झाला नाही. कोलंबस मात्र चौथीपर्यंत आला नव्हता. तो त्या दिवसापासून रोज जेवताना यायला लागला.

पुतण्या म्हणाला, "तिकडे फिरायला गेलो होतो. दुकानदार म्हणाला, हजार वर्षं जुनं आहे." आणि तो आंघोळीला गेला. तो बोलला ते एवढंच. बाकी सगळं भाऊजींनी घातलं.

मी भांडं उचललं आणि वाजवलं.

"वहिनी! वाजवता काय? मटका आहे का तो?"

"मग काय आहे?"

"अवशेष आहे तो!"

"ठणठणीत आहे अवशेष," मी म्हटलं.

मग हात आत घातला. मनगटापर्यंत गेला. चाकावर केलेल्या मडक्याला आतून गोल गोल रेघा असतात, बोटांना बरोबर लागतात. इथे रेघा नव्हत्या, बोटांचे खळगे होते. मातीच्या वळ्या एकावर एक ठेवून, दाबून दाबून चढवलेलं भांडं होतं. बोटं लहान होती, बाईची असावीत. काम चांगलं होतं. मी तसं सांगितलं, की हे चाकावरचं नाही, हाताचं आहे.

भाऊजी टाळी वाजवून उठले. "तेच तर! कोलंबस जाईपर्यंत त्या अख्ख्या खंडात कुंभाराचं चाक नव्हतं! म्हणजे हे खरं!"

"हाताचं म्हणजे जुनं असं कुठे असतं? पोळ्या मी हातानेच लाटते. त्या काय हजार वर्षांच्या आहेत?"

"कधी कधी वाटतात," भाऊजी म्हणाले.

मग मीही सोडलं नाही. भांडं उलटं करून त्यांना दाखवलं. हजार वर्षं राहू द्या, सहा महिने स्वयंपाकघरात वापरलेल्या मडक्याचंही बूड झिजतं, कारण ते त्यावर बसतं. ओठ झिजतो, कारण पळी तिथे आपटते. या भांड्याचं बूड कोरं होतं, ओठ कोरा होता, आणि झीज कुठे, तर पोटावर. पोटावर भांडं कोण झिजवतो? आणि तीही सगळी एकाच दिशेने, सुताराने दार घासावं तशी. शेवटी मी बोट ओलं करून त्या काळ्यावर चोळलं आणि वास घेतला. धुरात कोंडून भाजलेली काळी मडकी मी लहानपणी पाहिली आहेत. तो रंग आत मुरलेला असतो, बोटाला लागत नाही. हा लागला. आणि ओल्या मातीला मातीचा वास येतो. याला बुटाच्या पॉलिशचा आला.

"पॉलिश आहे," मी म्हटलं.

भाऊजींनी भांडं माझ्या हातातून काढून घेतलं.

"वहिनी, तुमचं शिक्षण किती?"

"चौथी."

"बस," ते म्हणाले, आणि वर गेले.

महिन्याभरात भाऊजींनी मंडळाच्या हॉलमध्ये त्या भांड्यावर भाषण दिलं. तीन पानं लिहून नेली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पोहे खाल्ले, मामंजींच्या तोंडाबरोबर फोटो काढले. सेक्रेटरीने जाहीर केलं की हॉलच्या दारापाशी काचेचं कपाट करू, त्यात हे भांडं ठेवू, आणि खाली सरांच्या नावाची पितळी पाटी लावू. फक्त कुणा जाणकाराचं लेखी प्रमाणपत्र असावं, नाहीतर दुसऱ्या मंडळाचे लोक हसतात.

भाऊजींना आयुष्यात कुठे पाटी मिळाली नव्हती. हेडमास्तर होणार होते, झाले नाहीत. ती पाटी त्यांना किती हवी होती हे मला दिसत होतं. पाटीचं कापड कुणी ओढायचं हेसुद्धा ते ठरवत होते. पण हवं म्हणून मडकं काही जुनं होत नाही. मी रोज सांगायची, नव्या भांड्यावर कशाला नाव घालता. ते रोज म्हणायचे, चौथी.

सेक्रेटरीने कुठल्याशा संग्रहालयातून रिटायर झालेल्या एका मॅडमचा पत्ता काढला. त्या थंडीत येणार असं ठरलं. त्याआधी भाऊजी मोतीबिंदू काढायला भोपाळला मुलीकडे गेले. नवरात्र तोंडावर होतं. जाताना म्हणाले, "वहिनी, त्या भांड्याला हात लावायचा नाही." भांडं वरच्या खोलीत टेबलावर टॉवेलखाली झाकून ठेवलेलं होतं.

मी लावणार नव्हते. पण घटस्थापनेच्या सकाळी माझ्यावर वेळच तशी आली.

घट शेजारणीने बाजारातून आणून दिला होता, माझे गुडघे असे असल्यामुळे. चाळीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आले की बायांनो, वाजवून घ्या, आणि स्वतःच्या घरचा घट न वाजवता देवापुढे ठेवला. पत्रावळीवर काळी माती पसरली, सांवेरचे गहू पेरले, मधोमध घट ठेवला, पाणी ओतलं. चहा होईपर्यंत पाणी फरशीवर. घट उचलून उजेडात धरला तर बुडाशी चीर, आणि चिरेत साबण. वरून गेरू. मला हसूच आलं. काम माझ्यापेक्षा सफाईदार होतं.

आता मुहूर्त सरत आलेला. कुणी म्हणेल, तांब्याचा कलश ठेवायचा. काही घरी ठेवतात. आमच्याकडे घट मातीचाच लागतो, आणि त्याला कारण आहे. मातीतून पाणी झिरपतं, आजूबाजूची माती नऊ दिवस ओली राहते, आणि धान्य वर येतं. तांब्यातून काय झिरपणार? बाजारात जायला पाय नाहीत, शेजारीण कामावर गेलेली. घरात मातीचं भांडं दुसरं नव्हतं. चाळीस वर्षं मडकी विकलेल्या बाईच्या घरात मडकं नाही, पाणी फ्रिजचं पितो आम्ही.

मग मी कठडा धरून एकेक पायरी चढले, आणि मामंजींना खाली आणलं.

छान बसले. बूड सपाट होतं आणि बुडाला पॉलिश नव्हतं, तिथून पाणी हवं तेवढंच झिरपत होतं. सुपारी टाकली, विड्याची पानं लावली, वर नारळ ठेवला. तोंड पुढेच येत होतं, म्हणून कपाळाला कुंकू लावलं. नऊ दिवस गल्लीतल्या बायका दर्शनाला येत होत्या.

"आजी, मुखवटा किती सुंदर आहे देवीचा! कुठून आणला?"

"बाहेरून आला."

"नाक बघा ना, कसं धारदार! और कान में कित्ते बड़े झुमके!"

मी म्हटलं, हो. विचारलं त्याला उत्तर दिलं. खोटं काहीच बोलले नाही.

त्या वर्षीसारखे गहू आमच्याकडे कधी आले नव्हते. वीतभर वाढले, दाट. दसऱ्याला घट उचलला तर खालची माती आणि मुळं त्याला धरून वर आली. मुळांना ओल लागते, ती भांड्याला बिलगून चढतात. भाऊजी संध्याकाळी येणार होते, म्हणून घाईघाईने ओरबाडलं, धुतलं, पुसलं. फडकं काळं झालं, ते टाकून दिलं. बुडाशी चार बोटं उंचीपर्यंत बारीक तपकिरी मुळांची जाळी चिकटून राहिली होती. ती निघेना. म्हटलं राहू दे, त्यांना तसंही काही दिसत नाही. भांडं उन्हात वाळवलं आणि टॉवेलखाली ठेवून आले.

पण भाऊजी आले ते डोळा नवा करून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरून ओरड. "वहिनी! वर या! लवकर!"

"गुडघे!" मी खालून ओरडले.

तेच खाली आले, छातीशी भांडं धरून, डोळ्यावर काळा चष्मा. तो वर सारून म्हणाले, "हे बघा! हे मला आजपर्यंत दिसलंच नव्हतं! मोतीबिंदू होता ना! हे मुळांचे ठसे आहेत, वहिनी. जमिनीत शेकडो वर्षं पुरलेल्या भांड्यावर झाडांची मुळं अशी जाळी धरतात. पुस्तकात दिलंय. याची नक्कल करता येत नाही! आता काय म्हणणं आहे तुमचं?"

मी बघितलं. माझेच गहू होते.

"डॉक्टर चांगला होता," मी म्हटलं.

मी तेव्हाच का सांगितलं नाही, असं नंतर मला सगळ्यांनी विचारलं. मी खोटं बोलत नाही, पण विचारल्याशिवाय सांगायचं असा नियम मी घातलेला नाही. ही मुळं कशाची, असं त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही, कारण त्यांना आधीच माहीत होतं. एम.ए. लोकांचं असंच असतं. शिवाय सांगितलं असतं तर ते आठ दिवस जेवायला आले नसते, आणि मला एकटीसाठी स्वयंपाक करायचा कंटाळा येतो.

मॅडम थंडीत एका रविवारी सकाळी आल्या. भाऊजींनी कोट घातला होता. सेक्रेटरी मोबाईल घेऊन आला होता, शूटिंग करायला. मॅडम माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान असतील. केस बारीक कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट, पर्समध्ये टॉर्च, भिंग आणि चिमटा. मराठीच होत्या, पण आमच्यासारख्याच अर्ध्या हिंदीत बोलायच्या. पोहे नको म्हणाल्या. भाऊजी प्रस्तावना करायला लागले तर म्हणाल्या, "सर, एक मिनिट. पहले देख लेने दो."

त्यांनी भांडं उचललं आणि बोटाच्या पेराने वाजवलं.

मी भाऊजींकडे बघितलं. भाऊजींनी पंख्याकडे बघितलं. थंडीचा पंखा बंद होता.

मग त्यांनी हात आत घातला, चाचपलं. ओठ बघितला, बूड बघितलं, पोटावरची झीज भिंगाने बघितली आणि कपाळाला आठी घातली. भाऊजींचा चेहरा पडायला लागला. शेवटी त्या मुळांपाशी आल्या आणि थांबल्या. टॉर्च लावला, नखाने एक मूळ खरवडून बघितलं.

"गंमत आहे," त्या म्हणाल्या. "बाकी काहीच मला पटत नाहीये. पण ही मुळं खरी आहेत. रंगवलेली नाहीत. हे मातीत होतं, हे नक्की."

"म्हणजे खरं आहे!" भाऊजी उठून उभे राहिले.

"असू शकतं. मला लगेच खोटं म्हणता येणार नाही. आणि असू शकत असेल तर मला वर कळवावं लागेल."

"कळवा ना! अवश्य कळवा! पेपरात देता येईल का?"

"पेपरात नाही हो सर. सरकारला. त्या देशातून जुनी भांडी बाहेर न्यायला बंदी आहे. लोक कबरी उकरून विकतात तिकडे. मुलाकडे काही कागद आहेत का याचे?"

"कसले कागद?"

"मग त्याला विचारतील. अमेरिकेत आहे ना? तिथलं त्याचं स्टेटस काय आहे? पक्कं झालंय?"

इथे भाऊजी खाली बसले. पुतण्याचे तिथे कायमचं राहायचे कागद सात वर्षं अडकून पडले होते. घरातल्या मांजरालाही हे माहीत होतं. भाऊजी त्या कागदांसाठी दर सोमवारी उपास करायचे, आणि मला सांगायचे की पोट बिघडलंय. पुतण्याला फोन करावा तर तिकडे मध्यरात्र.

"चालू आहे त्याचं," ते बारीक आवाजात म्हणाले. मग, "मॅडम, मला वाटतं हे नकली असावं."

सेक्रेटरी शूटिंग करता करता मोबाईलच्या आडून म्हणाला, "सर, क्या बात कर रिए हो! तीन पन्ने का भाषण दिया था आपने!"

"ते प्राथमिक मत होतं!" भाऊजी म्हणाले. "मॅडम, बूड बघा ना. झिजलंय का? हजार वर्षं सोडा, सहा महिने वापरलं तरी बूड झिजतं. ओठ बघा, पळी आपटल्याची खूण आहे का? झीज कुठे, तर पोटावर! पोटावर कोण झिजवतो?"

पळीसुद्धा माझीच. मी ऐकत बसले. त्यांनी एक शब्द बदलला नव्हता. असं लक्ष देऊन ऐकणारा एक मुलगा त्यांना वर्गात मिळाला असता तर बरं झालं असतं.

"ते सगळं बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "पण मग ही मुळं?"

भाऊजी उठले, भांडं घेतलं, माझ्याकडे आले आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"वहिनी, तुम्ही पहिल्या दिवसापासून म्हणत होता. हे खोटं आहे असं सांगा हो."

"मी काय सांगणार?" मी म्हटलं. "माझी चौथी."

"वहिनी..."

"मॅडम, चहा घेता ना अजून?"

"वहिनी, पोराचं सगळं घालवाल का?" भाऊजी म्हणाले. त्यांचा नवा डोळा पाण्याने भरला होता, तो डॉक्टरने ओला करू नका म्हणून सांगितलेला. "तुम्हाला कळतं यातलं. मला नाही कळत. झालं?"

"सेक्रेटरीने ऐकलं का?"

"मैंने रिकॉर्ड कर लिया काकू," सेक्रेटरी म्हणाला.

मग मी सांगितलं. "मुळं गव्हाची आहेत. सांवेरचे गहू. आश्विनात मी याचा घट बसवला होता."

भाऊजी म्हणाले, "यात?"

"यात."

"नारळ ठेवून?"

"नारळाशिवाय घट असतो का?"

"आणि कुंकू?"

"कपाळाला लावलं होतं. थोडं नाकावर आलं, ते पुसलं."

मॅडमनी भांडं माझ्या मांडीवरून उचललं, उलटं केलं आणि चिमटा काढला. बुडाच्या कडेला एक बारीक खाच होती, त्यात माझं धुणं पोचलं नव्हतं. तिथून त्यांनी काहीतरी टोकरून तळहातावर घेतलं आणि भिंगाखाली धरलं. एका दाण्याचं टरफल होतं, आतून निम्मं रिकामं, त्यातून निघालेल्या, जाळीतल्याच वाळक्या मुळाचा तुकडा तसाच चिकटलेला.

"गहूच आहे," त्या म्हणाल्या.

आणि भाऊजींनी अशी आरोळी मारली की ओट्यावरचा कव्हरवाला आत डोकावून गेला.

"गहू! मॅडम, गहू! कोलंबसाच्या आधी तिकडे गहू नव्हताच! मका होता, बटाटा होता, मिरची होती! गहू नंतर स्पेनच्या लोकांनी नेला! कोलंबसाच्या आधीच्या भांड्याला गव्हाची मुळं लागतीलच कशी?"

"अगदी बरोबर सर," मॅडम हसायला लागल्या. "ही मुळं बाद."

भाऊजी खोलीत येरझारा घालत होते. हरलेला माणूस मी एवढा खूश कधी बघितला नाही. सेक्रेटरीला उभं करून त्यांनी बटाट्याचा सबंध प्रवास सांगितला.

मुळं बाद झाल्यावर मॅडमना बाकीचं अवघड नव्हतं. त्यांनी कापूस ओला करून पोटावर चोळला, नाकाशी नेला आणि माझ्याकडे बघितलं.

"पॉलिश," मी म्हटलं.

"पॉलिश," त्या म्हणाल्या. मग कागद काढून लिहून दिलं, की भांडं अलीकडचं आहे, जुन्या पद्धतीने हाताने घडवलेलं आहे आणि नंतर मुद्दाम जुनाट केलेलं आहे. वर कळवायचं काही कारण उरलं नाही. जाताना मला म्हणाल्या, "हे ओळखायला मला किती वर्षं लागली. तुम्ही कुठे शिकलात?"

"परदेशीपुऱ्यात," मी म्हटलं. त्या पोहे खाऊन गेल्या.

भाऊजी चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला येत होते. पाचव्या दिवशी पुतण्याचा फोन आला, आणि त्यांनी तो मुद्दाम माझ्यासमोर उचलला. सगळं सांगितलं. पुतण्या ऐकून म्हणाला, "अहो बाबा, तशी तर रांगेत होती तिथे. वीसेक तरी असतील. एक निळं पण होतं. तुम्हाला निळं हवं होतं का?"

"मग हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

मी पोळी लाटत होते. मान वर केली नाही.

कपाट मंडळाने केलं, त्यात आता कॅरमच्या स्पर्धेचे कप आहेत. पाटी कुणाच्याच नावाची नाही. भाऊजींनी पुन्हा एक भाषण दिलं, खरं आणि नकली भांडं कसं ओळखावं यावर. पळी होतीच त्यात. ते टरफल त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घालून सगळ्यांना दाखवलं. "आमच्या वहिनी" दोनदा म्हणाले, तिसऱ्यांदा म्हणणार होते तर मी खोकले.

या वर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी शेजारणीने विचारलं, आजी, घट आणू का. मी हो म्हणायच्या आत भाऊजी जिन्यावरून म्हणाले, "नको. बाजारात चिरेला साबण लावतात." आणि भांडं घेऊन खाली आले. कानाशी धरून त्यांनी ते वाजवलं. चुकीच्या ठिकाणी वाजवलं, ओठाला वाजवायचं नसतं, पण मी काही बोलले नाही.

"ठणठणीत आहे," ते म्हणाले.

माती त्यांनीच पसरली. गहू मी पेरले. नारळ वगैरे झाल्यावर त्यांनी खिशातून एक पुठ्ठा काढला आणि घटासमोर उभा केला. फळ्यावर लिहायचे त्या अक्षरात लिहिलं होतं: "भांडे: पेरू देश, अलीकडचे. गहू: सांवेर." आणि त्याखाली, जरा मोठ्या अक्षरात, स्वतःचं नाव आणि एम.ए.

देवीपुढे कुणी स्वतःच्या नावाची पाटी लावतं का? पण मी ती काढली नाही. फक्त थोडी डावीकडे सरकवली. पाणी घालताना मध्ये येत होती.